किती मिनिटं? किती शिट्ट्या?

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. मधले तीन वीकेंड रिलीजने खाल्ले आणि चौथा मी बाथरूमचं दार लावून, हातात कात्री घेऊन, मिट्ट अंधारात बसून काढला. (बायकोला सवय झाली आहे. शेजाऱ्यांना अजून नाही.)

ज्यांना फिल्मचं वेड नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात सांगतो. माझ्याकडे बाबांचा जुना पेंटॅक्स के१००० आहे. मी त्यात ब्लॅक-अँड-व्हाइट रोल घालतो आणि घरीच डेव्हलप करतो. अंधारात रोल एका बंद टाकीत गुंडाळायचा, टाकीत डेव्हलपर ओतायचा, ठरावीक मिनिटं ठरावीक पद्धतीने टाकी उलटीसुलटी करायची, मग स्टॉप बाथ, मग हायपो, मग भरपूर पाणी. संपलं. पोहे करण्यापेक्षा अवघड नाही. अवघड आहे ते फक्त 'ठरावीक मिनिटं' म्हणजे किती, हे.

हल्ली फिल्मकडे वळलेले ऑफिसातले दोन-तीन जण मला विचारतात. प्रश्न साधारण असा असतो : "अरे, एचपी५ प्लस १६००ला मारलाय. घरी परसेप्टॉल पडलंय. किती मिनिटं ठेवू?" म्हणजे फिल्म वेगवान, तीही तिच्या स्पीडच्या वर ताणलेली, आणि डेव्हलपर मात्र बारीक दाण्याचा. मग आम्ही सगळे सराईतपणे जे करतो तेच ते करतात. शोधतात, कुणीतरी कुठेतरी लिहिलेला आकडा सापडतो, तो घड्याळावर लावतात.

माझं मत असं की हा प्रश्नच चुकीचा आहे. हे मत मला फुकट मिळालेलं नाही, म्हणून ते कसं मिळालं ते सांगतो.

दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात आमचा कसबा पेठेतला वाडा रिकामा केला. बिल्डरशी करार झाला होता, भाडेकरू गेले होते, शेवटी फक्त आज्जी उरली होती. शेवटच्या संध्याकाळी ती स्वयंपाकघरात बसली होती. भांडी आधीच खोक्यांत गेली होती, फळ्या उघड्या पडल्या होत्या. एक साठचा बल्ब, काजळीने काळं झालेलं छत, आणि त्याखाली ओट्याला टेकून बसलेली आज्जी. तिने शेवटचा चहा त्या ओट्यावर केला. कप नव्हते, स्टीलच्या पेल्यांतून प्यायलो.

मी मीटर बघितला. ४००ला शटर १/१५ येत होतं. माझा हात तेवढा स्थिर नाही. मग डायल १६००वर नेला, १/६० मिळालं, आणि अख्खा रोल तिथे संपवला. म्हटलं, बघू, डेव्हलप करताना वेळ वाढवून घेऊ. यालाच 'पुश' म्हणतात आणि सगळे करतात.

घरी परसेप्टॉलचं पाकीट होतं. बारीक दाणा मिळतो असं वाचून घेतलेलं. आज्जीच्या चेहऱ्यावर रेतीसारखा दाणा नको, हा माझा भाबडा विचार. रात्री शोध घेतला, कुणाच्या तरी तक्त्यात नेमका हाच जोड सापडला, समोर मिनिटांचा आकडा होता. (तो आकडा इथे देत नाही. तुमच्यापैकी कुणीतरी वापरेल.) पाणी बर्फाने २० अंशांवर आणलं, घड्याळ लावलं, एक सेकंद इकडेतिकडे केला नाही.

टाकी उघडली तर रोल जवळजवळ पारदर्शक होता. बल्ब होता, ठळक काळा. पेल्याच्या काठाची चमक होती. चष्म्याच्या काड्यांवरचा उजेड होता. आज्जी नव्हती. म्हणजे गालाची एक कड, पदराची एक घडी, बाकी कोरी काच. छत नाही, फळ्या नाहीत, ओटा नाही. दुसऱ्या आठवड्यात वाड्याचं पाडकाम सुरू झालं.

ऑफिसात प्रॉडक्शन पडलं की आपण आरसीए लिहितो. मीही लिहिलं. पहिला संशय अर्थातच त्या आकड्यावर. वेळ कमी पडली असणार, दोन मिनिटं जास्त ठेवायला हवी होती वगैरे. आणि इथे फिल्मच्या कडेने मला गप्प केलं.

फिल्मच्या कडेला कंपनीचं नाव आणि फ्रेमचे नंबर असतात बघा. ते कारखान्यातच प्रकाशाने छापलेले असतात. तुमच्या कॅमेऱ्याचा त्यांच्याशी काही संबंध नाही. म्हणजे ते फक्त डेव्हलपिंगबद्दल बोलतात. कडेचे आकडे फिकट असतील तर डेव्हलपिंग कमी झालं. आकडे नीट काळे आणि फ्रेम मात्र कोरी असेल, तर फिल्मपर्यंत पुरेसा प्रकाश पोचलाच नव्हता. माझ्या रोलवरचे आकडे छान काळे होते. बल्बही भरपूर काळा होता. वेळ कमी पडलेली नव्हती. ती दुप्पट केली असती तर बल्ब आणखी काळा झाला असता, आणि आज्जी तरीही नसती.

आता हे असं का, ते समजून घ्यायला थोडं आत जावं लागेल.

फिल्मवर चांदीच्या क्षारांचे बारीक स्फटिक असतात. ज्यांच्यावर पुरेसा प्रकाश पडतो त्यांत एक अदृश्य खूण उमटते. डेव्हलपर त्या खुणेच्या आधाराने स्फटिकाचं काळ्या चांदीत रूपांतर करतो. जिथे खूण नाही तिथे तुम्ही कितीही मिनिटं थांबा, चित्र येत नाही. फार तर सगळ्या फिल्मवर राखाडी धुकं चढतं. सावल्यांचे भाग पहिल्या काही मिनिटांत जेवढे यायचे तेवढे जवळपास येऊन जातात. उजळ भाग मात्र वेळेबरोबर चढत राहतात. म्हणून मिनिटं वाढवली की मुख्यतः वाढतो तो कॉन्ट्रास्ट, सावलीतला तपशील नव्हे. 'पुश' केल्याने फिल्मचा स्पीड वाढत नाही. तो वाढल्यासारखा दिसतो, कारण मधले टोन वर ढकलले जातात.

दुसरी बाजू डेव्हलपरची. बारीक दाणा ही काही जादू नाही, तो एक सौदा आहे. अशा डेव्हलपरमध्ये सोडियम सल्फाइट भरपूर असतं. डी-२३ हा घरी करण्यासारखा जुना फॉर्म्युला बघा : एक लिटरला ७.५ ग्रॅम मेटॉल आणि १०० ग्रॅम सल्फाइट. संपला फॉर्म्युला! एवढं सल्फाइट स्फटिकांच्या कडा थोड्या विरघळवतं, त्यामुळे दाणा मऊ होतो. कोडॅकच्या मायक्रोडॉल जातीच्या फॉर्म्युल्यांत तर साधं मीठही असतं. पण कडा विरघळतात तेव्हा काही अशक्त खुणाही जातात, आणि अशक्त खुणा असतात सावल्यांमध्ये. म्हणजे दाण्याची किंमत स्पीडने मोजायची. परसेप्टॉलमध्ये हा तोटा माझ्या टाकीत साधारण दोन-तृतीयांश स्टॉप निघाला. एचपी५ माझ्यासाठी ४००ची नाही, २५०ची फिल्म झाली.

आता हिशेब करा. मी फिल्मला दोन स्टॉप प्रकाश कमी दिला होता आणि वर असा डेव्हलपर निवडला जो आणखी दोन-तृतीयांश खातो. एका हाताने ताणायचं, दुसऱ्या हाताने कापायचं आणि तक्त्याला विचारायचं, किती मिनिटं? १६००च हवं होतं तर त्यासाठी बनवलेला डेव्हलपर घ्यायचा. इलफर्डचाच मायक्रोफेन आहे, त्यात एचपी५ प्लसला १६०० साठी पातळ न करता २० अंशांना ११ मिनिटं असं कंपनीच सांगते. दाणा दिसला असता. पण आज्जीही दिसली असती.

आता तुम्ही म्हणाल, मग तक्ते खोटे का? खोटे नाहीत. ते उत्तर आहेत, फक्त दुसऱ्याच्या प्रश्नाचं.

कंपनीचा आकडा घ्या. एचपी५ प्लस, आयडी-११ पातळ न करता, २० अंश : ४००ला साडेसात मिनिटं, ८००ला साडेदहा, १६००ला चौदा. यात मिनिटं हा निकाल आहे, सुरुवात नाही. सुरुवातीला ठरतो तो कॉन्ट्रास्ट. फिल्मचा आयएसओ ठरवताना नियम असा आहे : जिथे निगेटिव्हची घनता कोऱ्या फिल्मपेक्षा ०.१० ने वाढते ती जागा धरायची, आणि त्याच्या साधारण वीसपट प्रकाशाला घनता आणखी ०.८० ने वाढली पाहिजे. तेवढी वाढेपर्यंत डेव्हलप करायचं, मग त्या ०.१०च्या जागेवरून स्पीड काढायचा. १६०० वगैरे आकडे या नियमातून येत नाहीत. इलफर्ड स्वतःच्या माहितीपत्रकात सरळ सांगते की एचपी५ प्लसचे हे वेगवेगळे स्पीड प्रत्यक्ष वापराच्या अंदाजावर आहेत, आयएसओच्या मोजणीवर नाहीत. हे वाक्य आपण कुणी वाचत नाही. लायसन्स ॲग्रीमेंटसारखं खाली स्क्रोल करतो.

शिवाय इलफर्ड सांगते, पहिल्या दहा सेकंदांत टाकी चार वेळा उलटा, मग दर मिनिटाला चार वेळा. कोडॅक सांगते, दर तीस सेकंदांनी पाच ते सात वेळा. दोघांच्या तक्त्यांतली मिनिटं शेजारी ठेवून तुलना करणंच चूक. व्हर्जनचा घोळ वेगळाच. एचपी५ वेगळी आणि १९८९ साली आलेली एचपी५ प्लस वेगळी. कोडॅकची टी-मॅक्स पी३२०० ही २०१२ साली बंद झाली आणि २०१८ साली परत आली. आणि त्या नावातल्या ३२००वरही जाऊ नका. त्यातला 'पी' हा पुशचा. डेल्टा ३२००चा आयएसओ इलफर्डच्याच कागदावर १००० आहे. एवढं सगळं कंपनीच्या आकड्याबद्दल. मग अनोळखी माणसाच्या आकड्यामागे त्याचा थर्मामीटर, त्याचा मीटर, त्याचं पाणी आणि 'छान निगेटिव्ह' म्हणजे काय याची त्याची कल्पना असते. यातलं काहीच चौकटीत लिहिलेलं नसतं. माझ्या मशीनवर चालतंय, एवढंच लिहिलेलं असतं.

हे सगळं मी आज्जीला सांगितलं. आधी फोटो का आले नाहीत ते कबूल केलं आणि मग तासभर समजावत बसलो. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे डाळीला किती शिट्ट्या, असंच ना हे?"

अगदी असंच! तुरीच्या डाळीला किती शिट्ट्या? कुणी तीन सांगेल, कुणी पाच. कुकर कुठला, डाळ नवी की जुनी, भिजवली होती का, गॅस केवढा, वरण हवंय की आमटी? शिट्ट्या विचारणाऱ्याला आज्जी आकडा सांगतच नाही. "झाकण उघडून बघ, बोटाने चेपते का," एवढंच म्हणते. पण याचा अर्थ ती अंदाजाने स्वयंपाक करते असा नाही. तिचा कुकर, तिची डाळ, तिचा गॅस ठरलेला आहे आणि तिने तो हजार वेळा तपासलेला आहे.

इथे मला दुसऱ्या टोकाच्या मंडळींशीही भांडायचंय. फिल्मवाल्यांत एक पंथ असा आहे की मोजमाप म्हटलं की नाक मुरडतो. फिल्म म्हणजे आत्मा, आकडे डिजिटलवाल्यांचे, चुका झाल्या तर त्यातच सौंदर्य. माझ्या त्या रोलमध्ये सौंदर्य नाही. तिथे माझ्या आज्जीचं स्वयंपाकघर असायला हवं होतं.

आणि मोजमापाचा हा हट्ट काही आयटीवाल्यांनी आणलेला नाही. १८९० साली इंग्लंडमध्ये फर्डिनंड हर्टर आणि व्हेरो चार्ल्स ड्रिफिल्ड या दोघांनी प्रकाश आणि घनता यांचं नातं मोजून मांडलं. हर्टर रसायनशास्त्रज्ञ, ड्रिफिल्ड इंजिनियर, दोघे विडनेस गावातल्या रासायनिक कारखान्यात नोकरीला. फोटोग्राफी हा हौसेचा भाग. ठरलेल्या मेणबत्तीच्या उजेडात प्लेट एक्स्पोज करून त्यांनी काढलेला तो वक्र आजही फिल्मच्या माहितीपत्रकावर छापला जातो. नोकरी सांभाळून वीकेंडला जगाच्या उपयोगी पडणारं काम करणारे ते आपलेच पूर्वज म्हणायचे. :-)

मग करायचं काय? आकडा शोधायचा, जरूर शोधायचा, पण पहिली पायरी म्हणून. एक रोल परीक्षेसाठी बाजूला काढायचा. जीव थोडा तुटतो, पण तुटू द्या. सावलीत एखाद्याला उभं करायचं. काळे केस आणि पांढरा शर्ट एवढं पुरे. ४००, ३२०, २५०, २०० असे चार फोटो काढायचे, आणि हेच चार पुन्हापुन्हा रोल संपेपर्यंत. मग अंधारात रोलचे तीन तुकडे करायचे (माझी ती बाथरूममधली कात्री). पहिला तुकडा तक्त्यातल्या वेळेला धुवायचा. वाळल्यावर आधी केस बघायचे : कुठल्या स्पीडला केसांत केस दिसतात? तो तुमचा स्पीड. मग त्या फ्रेममधला शर्ट बघायचा. शर्ट इतका काळा की त्यातून काहीच दिसत नाही, तर दुसऱ्या तुकड्याला वेळ पंधरा टक्के कमी. शर्ट मळकट राखाडी, तर पंधरा टक्के जास्त. तिसऱ्या तुकड्यापर्यंत बहुतेक उत्तर मिळतं. सावली स्पीड ठरवते, उजेड वेळ ठरवतो. एवढं एक सूत्र पाठ केलं तरी पुरे.

आणि बाकी काही बदलायचं नाही. तोच थर्मामीटर, तीच टाकी, तेवढीच उलटापालट. परसेप्टॉल पातळ केलं असेल तर एकदा वापरून ओतून द्यायचं, म्हणजे 'कितव्यांदा वापरतोय' हा आणखी एक घोळ नको. पुण्याच्या मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतून येणारं पाणी २० अंशांवर आणणं म्हणजे युद्ध, म्हणून मी बारा महिने २४ अंशच ठरवून टाकले आहेत. तापमान वाढलं की वेळ घटते. इलफर्डच्या तक्त्याप्रमाणे २० अंशांना ४ मिनिटं असतील तर २३ला ३ आणि १६ला ६. पण हे करताना वेळ पाच मिनिटांच्या खाली जाऊ देऊ नका, डेव्हलपिंग एकसारखं होत नाही. पातळ डेव्हलपर घेतला की वेळ आपोआप लांबते.

एक प्रामाणिक आक्षेप येतो : एवढ्या खटाटोपापेक्षा वेगवान फिल्म बारीक दाण्याच्या डेव्हलपरमध्ये घालावीच कशाला? घालावी की! दिवसाउजेडी, सावलीत, खिडकीपाशी २५०ला मारलेली एचपी५ परसेप्टॉलमध्ये इतकी सुरेख येते की बघत राहावं. कातडीचे टोन सायीसारखे. जोड वाईट नाही. त्या जोडाकडून १६००ची अपेक्षा करणं वाईट. आधी ठरवायचं की आज मला अंधार हवाय की दाणा. दोन्ही मिळतील असं सांगणारा आकडा कुठेतरी सापडेलच, कारण इंटरनेटवर कुठलीच चौकट रिकामी राहत नाही. पण रिकामी चौकट हीसुद्धा माहिती असते. आपल्याआधी कित्येक जाणत्यांनी तो जोड केला नाही, त्याला बहुतेक कारण असतं.

माझी चूक आकड्यावर विश्वास ठेवण्याची नव्हती. परीक्षेचा रोल आधी न वापरता, परत न येणारी संध्याकाळच परीक्षेला बसवली, ही होती. कामावर कुणी प्रॉडक्शनवर टेस्टिंग केलं तर मी त्याला काय बोललो असतो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

गेल्या रविवारी आज्जीच्या नव्या फ्लॅटवर गेलो होतो. खिडकीपाशी बसवून तिचे बारा फोटो काढले. २५०, परसेप्टॉल, माझी वेळ. कडेचे आकडे काळे आणि मधे आज्जीही आहे, सुरकुत्यांसकट, केसांत केस दिसतील अशी. तिला प्रिंट दाखवला. तिने तो लांब धरून, जवळ धरून बघितला.

"चांगला आलाय," म्हणाली. "पण मागे भिंत पांढरी दिसतेय. आपलं छत काळं होतं ना?"

असो. त्यावर माझ्याकडे मिनिटांचा कुठलाच आकडा नाही.